शोभेची कबर

दिनांक १० नोव्हेंबर १९३३ रोजी सकाळी साडेपाच वाजता तळोद्याच्या मोटारअड्ड्यावर माणसे चार होती आणि फराळाचे डबे अकरा. सुरतेच्या सार्वजनिक कलेचा अभ्यास करण्यासाठी निघालेल्या या मंडळींच्या लेखी कशाला किती महत्त्व होते, ते एवढ्यावरून ध्यानात यावे.

चौघांपैकी पहिले उत्तमचंद, कापसाचे व्यापारी आणि ‘बाजार शोभा मंडळा’चे अध्यक्ष. दुसरे त्यांचे चुलतभाऊ इंदरमल, त्याच मंडळाचे चिटणीस. मंडळात तिसरा सभासद नसल्यामुळे सर्व ठराव एकमताने संमत होत. तिसरा त्यांचा स्वयंपाकी. चौथा मी. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो होतो. पाहिलेल्या वस्तूंची मापे घेऊन त्यांपैकी एक तळोद्यात उभारावी, एवढ्यासाठी मला बरोबर घेतले होते.

मंडळाचा जन्म एका लग्नामुळे झाला. इंदरमल लग्नानिमित्त सुरतेला गेले आणि तेथील प्रत्येक चौकात काही ना काही उभे असते, ही बातमी घेऊन परतले. कोठे राजा, कोठे परी, कोठे कारंजे. “आपल्या बाजारात काय उभं असतं?” त्यांनी गादीवर बसून विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले, “बैल!” उत्तमचंदांच्या मनात ते खोल रुतले. फेब्रुवारीत प्रांतसाहेब दौऱ्यावर यायचे होते, आणि उत्तमचंदांना रावसाहेब व्हायचे होते. मी विहीर सुचवली. बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरणारी माणसे दुपारभर पाण्यासाठी हिंडत, हे सांगितले.

“विहीर खाली जाते, ओरशेरसाहेब,” उत्तमचंद म्हणाले. “दिसत नाही. वर जाणारी वस्तू सांगा.”

मोटार सुटण्याच्या बेतात असताना भुरीबाई आली. ती उत्तमचंदांच्या कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या गिरणीत, कामाला होती. तिचे गाव अक्राणीच्या घाटाखाली. तिचा नवरा खात्या दोन वर्षांपूर्वी सुरतेला नदीच्या गाळकामावर गेला, तेथे दरड कोसळली आणि तो गाडला गेला. बरोबरचे लोक परत आले, पण रिकाम्या हातांनी. तिच्या गावची रीत अशी, की परमुलखात मेलेल्याच्या जागेवरचा एक खडा गावी आणावा लागतो. तो आल्यावरच त्याच्या नावाने दगड रोवतात, आणि दगड रोवल्यावरच होळीच्या दिवशी घराण्यातल्या मेलेल्यांची नावे पुकारताना त्याचे नाव पुकारतात. दोन होळ्या झाल्या होत्या. दोन्ही वेळा खात्याचे नाव कोणी घेतले नव्हते. तिच्या सांगण्याप्रमाणे, तो मेल्यांतही नव्हता आणि जित्यांतही नव्हता.

“शेट, तुम्ही सुरत जाई ऱ्हायनात ना?” तिने मोटारीच्या दांडीला धरून विचारले. “मन्हा खात्या तठेच मरना. त्या जागावरला येक खडा लई या.”

“आणू, आणू.”

“इसरू नका हां. होळीना पहिले पाहिजे.”

“अगं, सुरतेत काय खड्यांचा तोटा आहे?” उत्तमचंद म्हणाले आणि इंदरमल हसले. भुरीबाईने दांडी सोडली नाही. शेवटी ड्रायव्हरने भोंगा वाजवला तेव्हा ती बाजूला झाली.

सुरतेत आम्ही दोन दिवस हिंडलो. हिंडण्याची पद्धत सूर्याने ठरवून दिली होती. सूर्यास्तानंतर जेवायचे नाही हा मंडळींचा नेम असल्यामुळे दुपार कलली, की कलेचा अभ्यास आवरता घ्यावा लागे. एक संगमरवरी राजा आम्ही चालत्या टांग्यातून पाहिला. “डोळे तर दोन्ही आहेत,” इंदरमल मान मागे वळवून म्हणाले, “पण बघतो कुठे ते कळत नाही.” राजा नापसंत झाला. एका कारंज्यावर घागर घेतलेली स्त्री होती. तिच्या अंगावर कारागिराने वस्त्र फारच बेताने खर्ची घातले होते. मंडळाने ती अश्लील म्हणून नापसंत केली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा नापसंत करण्यासाठी तेथे मुद्दाम टांगा नेला. मी प्रत्येक वस्तूची उंची, पायाची रुंदी आणि दगडाचा प्रकार सांगत होतो. ते ऐकून दोघेही मान डोलावत आणि ती वस्तू कोणी दिली एवढेच विचारत.

दुसऱ्या दिवशी दुपारी टांगेवाल्याने आम्हांला वलंदेजांच्या, म्हणजे डच लोकांच्या, जुन्या आवारात नेले. “आ जुवो, शेठ,” तो म्हणाला, “बहु मजानी जग्या छे. ठंडी हवा.” त्या आवारात अष्टकोनी, दोन मजली, कमानींची आणि वर घुमट असलेली एक इमारत होती. गिलावा जागोजाग सुटला होता, तरी प्रमाण इतके नेमके होते, की दोन दिवसांत प्रथमच मला टांग्यातून उतरावेसे वाटले. उत्तमचंदही उतरले. त्यांनी घुमटाकडे पाहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “ही!”

मी आत जाऊन पाहून आलो. “शेठजी, ही कबर आहे.”

“कशावरून?”

“आत थडगे आहे. त्यावर लेख आहे.”

“काय लिहिलंय?”

अक्षरे इंग्रजी वळणाची होती, परंतु भाषा इंग्रजी नव्हती, आणि पावसाने बहुतेक ओळी धुऊन नेल्या होत्या. मी तसे सांगितले.

“वाचता येत नाही म्हणता, आणि कबर आहे म्हणता!” इंदरमल म्हणाले. “वा, साहेब!”

“गोऱ्यांच्या कबरी मला शिकवू नका,” उत्तमचंद म्हणाले. “मी डोळ्यांनी बघितल्यात, एका बंगल्याच्या मागं. दोन आहेत. सपाट असतात. वर क्रूस असतो. गोरा मेला की सपाट होतो. हे तर वर गेलंय.”

“आणि मधला तो चौथरा?”

“बसायचा,” इंदरमल म्हणाले, आणि शंका राहू नये म्हणून थडग्यावर मांडी घालून बसले. “ओ महाराज,” त्यांनी स्वयंपाक्याला हाक मारली, “शेवेचा डबा आण. हवा खरंच थंड आहे.”

मंडळाची सभा तेथेच भरली. सुरतेतील सर्वोत्तम सार्वजनिक कलावस्तू म्हणून त्या कबरीची एकमताने निवड झाली. मी विरोध नोंदवण्यास सांगितले. चिटणिसांच्या तोंडात शेव असल्यामुळे तो नोंदवला गेला नाही. मग मी मापे घेतली. चुन्याचे मिश्रण तपासता यावे म्हणून खाली पडलेला गिलाव्याचा सुपारीएवढा तुकडा रुमालात बांधून घेतला. खात्या जेथे गाडला गेला ती जागा कोणाच्या बोलण्यातही आली नाही. मी स्वतः टांगेवाल्याला गाळकामाबद्दल विचारले. त्याने नदीच्या दिशेने संपूर्ण काठावरून हात फिरवला. तेवढ्यात सूर्य कलला आणि आम्ही जेवणास निघालो.

तळोद्यास परतल्यावर उत्तमचंदांच्या पेढीवर बैठक बसली. मी रुमाल सोडून चुन्याबद्दल सांगत होतो, तोच भुरीबाई दारात उभी राहिली.

“शेट, लयनात का?”

उत्तमचंदांचा चेहरा पाहून मला कळले, की ही बाई कोण आणि तिने काय मागितले होते, दोन्ही त्यांना आठवत नव्हते. इंदरमल कानाशी लागले. उत्तमचंदांनी पेढीवर नजर फिरवली, माझ्या रुमालातला तुकडा उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

“घे. तुझ्या खात्याच्या जागेवरून आणलाय.”

“शेठजी!” मी म्हणालो.

“असू द्या हो, ओरशेरसाहेब. चुना सुरतेत पुष्कळ आहे.”

भुरीबाईने तो तुकडा पदराच्या टोकाला बांधला, उंबऱ्याला हात लावला आणि गेली. इंदरमल इतके हसले, की त्यांना ठसका लागला. एखाद्याची थट्टा करण्यासाठीही थोडे श्रम घ्यावे लागतात. या गृहस्थांनी तेवढेही घेतले नव्हते.

पडद्यामागून उत्तमचंदांच्या पत्नी रूपकंवर म्हणाल्या, “बाजार में कांई बणावो हो?”

“सुरतेसारखी घुमटी.”

“घुमट है, खंभा है, मांय चौथरो है?”

“हां.”

“तो छतरी है. छतरी तो मरयोड़ां री होवै. म्हारे पीहर में गांव रै बारै बणावै, बाजार में कोनी.”

“ही छतरी नव्हे,” उत्तमचंद पडद्याला उद्देशून म्हणाले. “ही आर्ट आहे.”

त्या घरातला एकच शहाणा माणूस पडद्याआड ठेवलेला होता.

काम डिसेंबरात सुरू झाले. मी आराखडा मूळच्या एक तृतीयांश मापाचा केला. मधला चौथरा वगळण्याची सूचना मी लेखी दिली. “चौथरा तर हवाच,” उत्तमचंद म्हणाले, “प्रांतसाहेब बसणार कुठं?” चुना मळण्यासाठी आणि पाट्या वाहण्यासाठी माणसे घेतली, त्यांत भुरीबाईही जीन सोडून आली. गिलाव्याचा तुकडा तिच्या पदरात अजून तसाच होता. चौथऱ्याचे काम चालू असताना मी तिला बाजूला बोलावले, कारण चुकीच्या मापावर काम पुढे जाऊ देण्याची मला सवय नाही.

“भुरीबाई, तुला शेठजींनी दिलेला तुकडा खात्याच्या जागेचा नाही. तो मी उचलला होता. एका परक्या माणसाच्या कबरीचा चुना आहे तो.”

तिने पाटी खाली ठेवली. “सुरतना शे का?”

“सुरतेचा आहे.”

“नदी जोडेच व्हती का?”

“फार लांब नव्हती.”

“मंग?” ती म्हणाली. “शेट तठे जाईसन मन्हा खात्याले धुंडी, आसं मी कव्हय म्हनी? तो शेट ते आपलं घर बी धुंडस. खात्या सुरतमा मरना, हाई सुरत शे.” तिने पदराची गाठ चाचपली. “पन शेटले सांगू नका. त्याले वाटू द्या, मी फसनू.”

“मग गावी दगड का रोवला नाहीस?”

येथे खरी अडचण होती. गावचे कारभारी जालमसिंग यांनी तुकडा हातात घेऊन, जिभेला लावून पाहिला होता. हा दगड नव्हे, चुना आहे, असा त्यांचा निवाडा होता. चुना मातीत रोवला तर पहिल्या पावसात विरघळेल, आणि खात्या दुसऱ्यांदा वाहून जाईल. चुन्याला चुन्याचेच घर पाहिजे. असे घर डोंगरात कोणाचे नव्हते. तळोद्याच्या बाजारात मात्र एक उठत होते, त्याला मधोमध झोपण्याएवढा चौथरा होता आणि त्यात राहणारा कोणी नव्हता.

“कोनं शे हाई घर?” तिने मला विचारले.

“कोणाचेही नाही. शोभेचे आहे.”

“मेलाना घर, अन् मेला नई?” तिने चौथऱ्याकडे पाहिले. “वाईट शे हां. रिकामं ऱ्हायनं ते कोनले तरी बलाई ली. शेटले सांगा.”

शेटला सांगण्यात अर्थ नव्हता, हे मी सुरतेतच शिकलो होतो. घुमटाच्या मध्यातून ओळंबा सोडला, तो चौथऱ्यावर जेथे टेकला ती जागा तिला दाखवली आणि गवंड्याला थांबवले. तिने गाठ सोडली आणि तुकडा ओल्या चुन्यात बोटाने दाबला. चुन्यात चुना बसवण्यास तांत्रिक हरकत काहीच नव्हती. वर घोटाई झाली, तुकड्याचा माथा तेवढा उघडा राहिला.

उद्घाटन २४ फेब्रुवारीस, होळीच्या आधीच्या आठवड्यात ठरले. त्या दिवशी सकाळी उत्तमचंद नवा फेटा बांधून पाहणीस आले, तेव्हा चौथऱ्यावर शेंदूर होता, मातीचे घोडे होते, मोहाची दारू शिंपडलेली होती, आणि भोवती डोंगरातून उतरलेल्या बायका गळा काढून रडत होत्या. जालमसिंग कमानीला टेकून शांतपणे विडी ओढत होते.

“हे काय चाललंय?” उत्तमचंद ओरडले.

“खात्याले घर भेटनं, शेट,” जालमसिंग म्हणाले. “मोठं काम करं तुम्ही. रामराम.”

“कोण खात्या? कसलं घर? ही सार्वजनिक कला आहे!”

“हाऊ, हाऊ. त्याच नावनं ऱ्हाऊ द्या.”

उत्तमचंद माझ्याकडे वळले. मी तुकडा कोठे आणि का बसवला ते सांगितले. त्यांच्या फेट्याचा शेमला थरथरू लागला. “उखडा!” ते म्हणाले. “तो खडा आत्ताच्या आत्ता उखडा, आणि त्या बाईला हाकला!”

भुरीबाई चौथऱ्यापुढे येऊन बसली. ती रडत नव्हती. “मंग मले बी उखडा,” ती म्हणाली.

“साहेब तासाभरात येतील,” मी म्हणालो. “आता उखडले तर त्यांना खड्डा दिसेल. न उखडले तर शेंदूर दिसेल. शेंदूर पुसता येतो.”

हा हिशेब त्यांना पटला. साहेब गेले की दुसऱ्या क्षणी पहार घालायची, असे ठरले. इंदरमल पहारवाला गडी घेऊन वडामागे उभे राहिले. मातीचे घोडे चौथऱ्यावर अंथरलेल्या सतरंजीखाली सरकवले गेले. सतरंजीला त्यामुळे जागोजाग टेंगळे आली. बायकांना मागे सारले. भुरीबाईला दोघांनी दंडाला धरून उठवले आणि गर्दीच्या कडेला नेऊन उभे केले.

प्रांतसाहेब पूर्वी सुरतेच्या बाजूस नोकरीवर होते, ही गोष्ट मंडळाने विचारलीच नव्हती. साहेब येताच इंदरमल वडामागून धावत आले आणि त्यांनी भाषण वाचले. त्यात कला, पश्चिम समुद्राची किनारपट्टी, ब्रिटिश न्याय आणि उत्तमचंदांचे औदार्य या चार विषयांचा एकमेकांशी काहीही संबंध न येऊ देता उल्लेख होता. साहेब उठले, घुमटीकडे चालू लागले आणि कमानीत शिरताना, कोणी काही बोलण्यापूर्वीच, त्यांनी टोपी काढली.

उत्तमचंदांना तो स्वतःचा सन्मान वाटला. त्यांनी वाकून नमस्कार केला.

“फार चांगली नक्कल,” साहेब त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले. “सुरतेस मी अशा पाहिले. कबर कोणाची आहे?”

उत्तमचंदांनी इंदरमलांकडे पाहिले. इंदरमलांनी भाषणाच्या कागदाकडे पाहिले. त्यात हे नव्हते. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी घुमटाच्या आतल्या बाजूचे सांधे तपासू लागलो.

“कोण आहे आत?” साहेबांनी पुन्हा विचारले.

“मन्हा खात्या शे, सायेब!” गर्दीच्या कडेने भुरीबाई ओरडली. तिला धरलेल्या गड्यांपैकी एकाने तिच्या तोंडावर हात ठेवला. ती त्याला चावली आणि पुढे आली. “सुरतमा मरना. गारामा दबी गया. तो शे आठे.”

मामलेदारांनी साहेबांना इंग्रजीत समजावले. साहेबांनी भुरीबाईकडे पाहिले, सतरंजीवरील टेंगळांकडे पाहिले, मग उत्तमचंदांकडे. “तुमचा मजूर?”

उत्तमचंदांपुढे त्या वेळी दोनच वाटा होत्या. एक, भर बाजारात, मामलेदारांसमक्ष आणि दोन्ही बाजूंच्या दुकानदारांसमक्ष, आपण एक रिकामी कबर हवा खाण्याची जागा समजून हौसेने बांधली, असे कबूल करणे. दुसरी मी लिहून दाखवतो तशी.

“जी हुजूर,” उत्तमचंद म्हणाले. “माझाच. फार इमानी माणूस.”

“नाव?”

उत्तमचंदांचे ओठ हलले. खात्याचे नाव त्यांनी कित्येकदा ऐकले होते; त्याच सकाळी स्वतः उच्चारलेही होते. इंदरमल कुजबुजले, “खात्या, खात्या.”

“खात्या, हुजूर. मला भावासारखा.”

“एका मजुरासाठी हे बांधलं?” साहेबांनी मामलेदारांमार्फत विचारले. “मी इतकी वर्षं दौरे करतो. कोणी शेठाने असं केलेलं पाहिलं नाही.” मोठ्या लोकांना गहिवर यायला कारण खरे असावे लागत नाही. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले. “हे असंच राहील? कायम?”

वडामागून पहारवाल्या गड्याने डोके बाहेर काढले. उत्तमचंदांनी त्याच्याकडे पाहिले, भुरीबाईकडे पाहिले, आणि मान खाली घातली.

“कायम, हुजूर.”

साहेबांनी मामलेदारांना ती वास्तू सरकारी पाहणीच्या यादीत घालण्यास सांगितले. म्हणजे दर दौऱ्याला तिची पाहणी होणार, आणि चौथऱ्याला पहार लावणे हा यापुढे गुन्हा ठरणार. भुरीबाईने सतरंजीखालचे घोडे एक एक करून काढले, पुसले आणि पुन्हा जागेवर ठेवले. इंदरमल तिला आडवे गेले नाहीत. साहेब चहा पिऊन निघून गेले. बाजाराला पाणी आहे का, हे त्यांनीही विचारले नाही.

होळीच्या रात्री अक्राणीच्या घाटाखाली मेलेल्यांची नावे पुकारताना जालमसिंगांनी खात्याचे नाव पुकारले, आणि भुरीबाईने त्याच्या वाट्याची दारू जमिनीवर ओतली. हे मला तिनेच दुसऱ्या दिवशी जिनात पाटी उचलता उचलता सांगितले. “त्यानं नाव पुकारं,” ती म्हणाली, “त्याना बापना जोडे.” एवढेच तिला हवे होते.

रावसाहेबाची पदवी त्या वर्षी धुळ्याकडच्या एका ठेकेदाराला मिळाली. त्याने काहीच बांधले नव्हते. रूपकंवरांनी नवऱ्यासाठी नवा दंडक घातला. कबरीवरून यावे लागते म्हणून बाजारातून परतल्यावर त्यांना अंगणातच आंघोळ करावी लागे, मग थंडी असो वा पाहुणे. शोभा मंडळाची सभा पुन्हा भरली नाही. दोन्ही सभासद आता कलेचे नाव निघाले, की हिशेबाचे निमित्त काढून उठतात, आणि हीच त्यांनी कलेची केलेली एकमेव सेवा होय.

घुमटीची बातमी मात्र डोंगरात पसरली. कामाला म्हणून बाहेर गेलेली आणि परत न आलेली माणसे प्रत्येक पाड्यात होती. भडोचची रेती, मुंबईच्या गोदीवरची खडी, सुरतेचा गाळ गाठोड्यात बांधून बायका बाजाराच्या दिवशी उतरू लागल्या. उत्तमचंदांनी एकदा चौकीदार बसवला. तिसऱ्या बाजाराला तो स्वतःच्या चुलत्याचा खडा घेऊन आला. ओल्या चुन्याची पाटी मी आता दर बाजाराला तयार ठेवतो. मे १९३६ अखेर चौथऱ्यात बसलेले मृत, खात्या धरून : एकोणसाठ.